जत फाटा कुणी लावायचा

गंगाधरराव,

तुम्हाला न विचारता तुमच्याबद्दल लिहिते आहे. विचारलं असतं, तर तुम्ही आधी चष्मा पुसला असता, मग विचार करायला आठवडा मागितला असता आणि शेवटी नकोच म्हणाला असता. माझ्या वयात एवढी सवड कुणाला आहे? आपल्या माळशिंगीत ज्यांचे पुतळे झाले त्यांची चरित्रंही झाली, आणि वाचनालयाच्या कपाटात ती वाळवीची वाट बघत पडली आहेत. तुमच्यासारख्यांचं कुणी लिहीत नाही. तुम्ही सज्जन म्हणून लिहिते आहे असा गैरसमज मात्र नको. सज्जन माणसं मला पुष्कळ भेटली. लिहायला बसलं की दोन ओळींत संपतात. तुम्ही हेवेखोर आहात. कडक इस्त्रीच्या शर्टाखाली तुम्ही तो हेवा इतका नीट झाकून ठेवलात, की गावाबाहेरून बायपास रस्ता झाला नसता तर गावाला त्याचा पत्ताही लागला नसता. तुमच्या बायकोला, विनोदिनीला, होता. तिला विचारूनच लिहायला बसले. ती म्हणाली, ‘खुशाल लिहा, पण त्यांचा आवाज चांगला आहे हे लिहायला विसरू नका.’ तर आवाज चांगला आहे.

ज्यांना तुम्ही ठाऊक नाही त्यांच्यासाठी आता तुमची गोष्ट तिऱ्हाइताची म्हणून सांगते. मध्येमध्ये दुरुस्त्या सुचवू नका.

साताऱ्याकडून सांगलीकडे उतरताना माळशिंगी लागतं. मंगळवारचा बाजार, दोन बँका, एक हायस्कूल आणि एसटी स्टँड. या स्टँडवर गंगाधर कुंटे वाहतूक नियंत्रक होते. मूळचे वाईचे, साताऱ्याला बी.ए. झालेले, बारीक अंगाचे, नाकासमोर चालणारे. गाडी आली की चालकाच्या कागदावर वेळ टाकायची, सही करायची, आणि भोंग्यावरून सांगायचं, ‘सातारा-जत, फलाट दोनवर लागलेली आहे. मधले थांबे घेत जाईल.’ एवढंच काम, पण ते त्यांनी गवयाने ख्याल मांडावा तसं केलं. सकाळी ज्येष्ठमधाचा काढा घेतल्याशिवाय ते भोंग्याला तोंड लावत नसत. त्यांचा आवाज अख्ख्या गावाला माहीत होता. तोंड मात्र कुणाला माहीत नव्हतं. भाजी घ्यायला गेले तर बायका त्यांच्या पुढे घुसायच्या. ते ‘अहो, रांग आहे’ म्हणाले की मग माना वळायच्या. अगोबाई, हे तर स्टँडवाले.

फाट्यांच्या नावांबाबत त्यांचं मत ठाम होतं. फाटा ज्याच्या दारात असतो त्याचा नसतो, तो जिकडे जातो त्याचा असतो. स्टँडच्या पुढे बाजारगल्ली संपली की जो रस्ता फुटतो त्याच्या कडेला पाटलांचा मळा आहे, पीर आहे, पिठाची गिरणी आहे. पण त्याला गिरणीफाटा म्हणायचं नाही. तो जत फाटा. जत तिथून कितीही लांब असो. त्या वाटेने जाणारा म्हातारा धनगर मेंढरं विकून घरी निघालेला असतो, त्याला गिरणीशी काय करायचंय? हे ते नव्या वाहकांना समजावून सांगत, आणि एखाद्याने ‘गिरणीपाशी उतरवतो’ म्हटलं तर त्याला परत बोलायला लावत.

आता जालिंदर शेडगे.

जालिंदर सातारा-जत गाडीवरचा चालक. उंच, सावळा, हसला की वरचा सोन्याचा दात दिसायचा. गाडीत चढताना पायरीला हात लावून नमस्कार करायचा आणि उतरताना दार लाथेने लावायचा. थांबा नसला तरी डोक्यावर पाटी घेतलेली बाई दिसली की गाडी उभी. हॉर्नची त्याने अशी काही चाल बसवली होती की दोन वळणं अलीकडून लोक म्हणत, आला जालिंदर. उशिरा यायचा, लाल शेऱ्यावर लाल शेरे घ्यायचा आणि म्हणायचा, ‘सायेब, तुमी घड्याळ बघा, मी माणसं बघतो.’ ऐकायला छान वाटतं हे. पण त्याच्या उशिरामुळे ज्यांची सांगलीची गाडी चुकायची ती माणसं तो बघत नव्हता, हेही खरं. मला कुणाचीच बाजू घ्यायची नाही.

गंगाधररावांना उशिराचा राग नव्हता. ते तसं सांगत, पण नव्हता. लोक थांबायचे, त्याचा राग होता. मागची गाडी रिकामी उभी असताना, ‘न्हाई, जालिंदरची येऊ द्या’ म्हणून बायका सावलीला बसून राहायच्या. त्यांनी भोंग्यावरून कितीही शुद्ध उच्चारात दुसरी गाडी पुकारली तरी कुणी हलायचं नाही.

आणि त्या बायकांत विनोदिनी असायची.

विनोदिनीचं माहेर सांगलीचं. जतच्या गाडीने पुढच्या नाक्यापर्यंत जायचं, तिथून सांगली. सकाळी डबा भरता भरता ती सहज विचारायची, ‘आज जालिंदर आहे ना?’ का, म्हणून विचारलं तर म्हणायची, ‘तो गचके देत नाही.’ यात काही नव्हतं. मी विनोदिनीला चाळीस वर्षं ओळखते, यात खरोखर काही नव्हतं. पण चार शब्दांचा तो प्रश्न गंगाधररावांच्या डब्यात चटणीसारखा रोज जायचा. एकदा त्यांनी तिला खोटंच सांगितलं की जालिंदर रजेवर आहे, आणि आधीच्या गाडीत बसवून दिलं. गाडी दारातून बाहेर पडते न पडते तोच जालिंदरची गाडी हॉर्न वाजवत आत आली. विनोदिनीने खिडकीतून ती पाहिली, नवऱ्याकडेही पाहिलं. सांगलीहून परत आल्यावर ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना पुढे कित्येक वर्षं वाटत राहिलं.

दोघेही निवृत्त झाले. गंगाधररावांच्या निरोपाला एक शाल आणि एक घड्याळ. जालिंदरच्या निरोपाला जतपासून माणसं आली, कुणी घोंगडं दिलं, कुणी कोंबडा. तो कोंबडा स्टँडभर पळाला आणि त्याला पकडायला गंगाधररावही धावले. लोक अजून ते सांगतात. म्हणजे कोंबड्याचं सांगतात.

मग बायपास झाला.

उद्घाटन झालं, फीत कापली गेली, आणि साताऱ्याकडून येणारी वाहनं गावाला वळसा घालून सुसाट जायला लागली. रस्ता सुंदर, पण मुका. पाट्यांचं कंत्राट निराळं होतं म्हणे, ते कुठेतरी अडकलं. खांब उभे, त्यांवर काही नाही. कारखान्याकडचा एक उतार, गावाचा दुसरा, बाजाराकडचा तिसरा, आणि शेवटी तो बायपास जुन्या सांगली रस्त्याला जिथे मिळतो तो मोठा जोड. कुठे उतरायचं ते कुणाला कळेना. फोनमधल्या नकाशावर नुसती निळी रेघ. माझ्या भाचीला माझ्याकडे यायचं होतं, ती थेट पुढच्या टोलनाक्यावरून फोन करत होती. स्टँड तर ओस पडलं. लांब पल्ल्याच्या गाड्या वरच्या वर जायला लागल्या आणि फलाट दोनवर कुत्री झोपायला लागली.

गंगाधरराव रोज संध्याकाळी स्टँडवर जाऊन बाकावर बसत. विनोदिनीला ते बघवेना. ती भिशीच्या बायकांकडून फोनमधलं बरंच काही शिकली होती. तिने त्यांना दाखवलं, की नकाशावर आपल्यालाही नाव घालता येतं. जागेवर बोट दाबायचं, नाव लिहायचं, फोटो जोडायचा आणि पाठवायचं. ते लोक तपासतात, पटलं तर घेतात. मग जगात कुणीही नकाशा उघडला की तुमचं नाव दिसतं.

‘माझं?’ गंगाधररावांनी विचारलं.

‘तुम्ही घातलेलं,’ विनोदिनी म्हणाली.

त्यांना तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, स्कूटर काढून ते बायपासवर गेले. प्रत्येक उताराशी थांबले, अंतरावरून पाहिलं, जवळून पाहिलं, फोटो घेतला. ‘कारखाना उतार.’ ‘माळशिंगी गाव, उतार.’ चार-पाच दिवसांत दोन्ही नावं स्वीकारल्याचा निरोप आला, आणि त्या दिवशी त्यांनी घरात शिरा करायला सांगितला. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच ते जेवताना गुणगुणले. तिसऱ्या उतारावर मात्र ते थबकले होते. तो उतार स्टँडवरून बाजारगल्लीत जातो, आणि पुढे त्यांचा जुना जत फाटा. त्याचं नाव काय द्यायचं याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. फक्त ते नाव त्यांना गुरुवारी द्यायचं होतं. दत्ताचा वार.

बुधवारी तिथे नाव दिसलं. ‘बनुबाईची भजी, उतार.’ खाली फोटो. भजीची गाडी, गाडीमागे कढईत झारा घातलेली बनुबाई, आणि गाडीपुढे काळा गॉगल लावून कमरेवर हात ठेवलेला जालिंदर शेडगे. फोटो शेकडो लोकांनी पाहिला होता. खाली लोकांनी लिहिलं होतं, ‘एक नंबर, जालिंदरबापू.’ ‘बरोब्बर उतरलो, दोन प्लेट खाल्ली.’

गंगाधररावांनी फोन विनोदिनीपुढे धरला. त्यांना वाटलं, ती हसेल, निदान तोंड वाकडं करेल. ती म्हणाली, ‘अरे वा, जमलं की त्याला.’

‘जमलं म्हणजे?’

‘परवा मी भजी आणायला गेले होते, तेव्हा तो तिथे होता. मला विचारलं, वयनी, सायबांनी नावं कशी घातली? मी दाखवलं.’

म्हणजे ही विद्या त्याला त्यांच्याच घरातून गेली होती. गंगाधरराव उठले आणि पाणी प्यायले. भजीच्या गाडीचं नाव उताराला? उद्या बनुबाईने गाडी हलवली तर उतार हलणार का? असले सगळे मुद्दे बरोबर होते. पण ते मुद्द्यांनी जळत नव्हते. त्या काळ्या गॉगलने जळत होते. दर तासाला फोन उघडून ते आकडा बघत. आपल्या कारखाना उताराचा फोटो किती जणांनी पाहिला तेही बघत. तो आकडा इथे लिहिण्यात अर्थ नाही.

शुक्रवारी बनुबाई लेकीच्या बाळंतपणाला मिरजेला गेली. गाडी झाकून ठेवलेली. गंगाधररावांनी स्कूटर काढली, झाकलेल्या गाडीचा फोटो घेतला आणि नकाशावाल्यांना कळवलं, की ही जागा बंद झाली आहे. खोटं काहीच नव्हतं. जागा बंदच होती, आठवडाभर. जालिंदरचं नाव उडालं. मग त्यांनी आपलं नाव पाठवलं, आणि ते स्वीकारलं गेलं. जत फाटा.

आता यात एक खोट होती, आणि ती एसटीच्या जुन्या माणसाशिवाय कुणाच्या हातून झाली नसती. फाटा जिकडे जातो त्याचा, हे खरं. पण बायपासने वाटच बदलली होती. शेवटच्या मोठ्या जोडावरून डावीकडे नवा रुंद रस्ता सरळ जतच्या दिशेला काढला होता. बाजारगल्लीतून जाणारा जुना रस्ता गिरणीच्या पुढे बायपासच्या भरावाला थडकत होता, आणि तिथे खालून जायला एक बुटका बोगदा ठेवला होता, ट्रॅक्टर आणि गुरांपुरता. मोटारी त्यातून जात. बस आणि ट्रक जाणं शक्य नव्हतं.

गंगाधररावांना बोगदा माहीत नव्हता का? होता. रोज बघत होते. पण झालं असं, की नाव लागल्यापासून जतकडे जाणारी वाहनं तिसऱ्या उताराने उतरून गावात यायला लागली. स्टँडपाशी येऊन गोंधळायची, काच खाली करून विचारायची, ‘काका, जत?’ आणि बाकावरून उठून, हात मागे बांधून, त्या आवाजात काका सांगायचे, ‘मोटार असेल तर सरळ. मोठं वाहन असेल तर डावीकडून मार्केट यार्डाला वळसा घाला, पुन्हा बायपासला लागा आणि शेवटच्या जोडावर डावीकडे.’ लोक आभार मानायचे. कुणी म्हणायचं, आवाज रेडिओसारखा आहे हो तुमचा. स्टँडवर पुन्हा वाहनं थांबत होती, आणि ती त्यांच्यापुढे थांबत होती. हे सोडून नाव बदलायचं? कशासाठी?

जालिंदरने त्यांना गाठून सांगितलं होतं. बाकाशेजारी उकिडवा बसला आणि म्हणाला, ‘सायेब, फाटा सरकलाय. आता जत फाटा त्यो शेवटचा जोड. हितनं मानसं उगाच गावात घुसत्यात.’

गंगाधरराव म्हणाले, ‘तुझं नाव उडालं म्हणून तुला पोटशूळ उठलाय.’

हेवा करणाऱ्याला सगळं जग हेवेखोर दिसतं. ‘माझ्या भज्याचं जाऊ द्या वो,’ जालिंदर म्हणाला. ‘एखादी मोठी गाडी गावली गल्लीत, तर काय करशिला?’

‘मी इथे असतो,’ गंगाधरराव म्हणाले.

पुढच्या मंगळवारी ते तिथे नव्हते. केस कापायला गेले होते. भर बाजाराचा दिवस, गल्लीत दोन्ही बाजूंनी पालं, मधून बाया-बापड्यांची रेटारेटी. शिरवळच्या कारखान्यात कामाला असलेल्या एका मुलाचं लग्न जतला गोरज मुहूर्तावर होतं. वऱ्हाडाची भली मोठी बस नकाशा बघत तिसऱ्या उताराने उतरली, रिकाम्या स्टँडवरून पुढे आली, काकांचा बाक रिकामा, आणि ती तशीच बाजारगल्लीत घुसली. टोमॅटो, कांदे, बांगड्या बाजूला करत करत पार बोगद्याशी गेली आणि थांबली. बोगदा तिच्या खांद्यालाही येत नव्हता. मागे पालं पुन्हा मांडली गेली होती. पुढे भराव. पहिल्या सीटवर मुंडावळ्या बांधलेला नवरा. चालक कोवळा, हमरस्त्यावरचा, त्याला आरसे बघून रडू यायचंच बाकी.

केस झाले होते, दाढीला साबण लावला होता. एका गालाची झाली आणि हॉर्न ऐकू आला. एसटीत हयात घातलेल्या माणसाला हॉर्नवरून कळतं, हे वाहन अडकलं आहे आणि ते मोठं आहे. गंगाधरराव गळ्यातल्या फडक्यासकट उठले आणि धावले.

ते पोचले तेव्हा जालिंदर चालकाच्या जागेवर चढत होता. वऱ्हाडातल्या मामा लोकांनी शिव्या घातल्या होत्या, पालवाल्यांनी त्या परत केल्या होत्या, आणि मधे कुणीतरी म्हणालं होतं, ‘जालिंदरबापूला बोलवा.’ गंगाधररावांना कुणी बोलवायला गेलं नव्हतं. जालिंदरने आरशात त्यांना पाहिलं, खिडकीतून डोकं काढलं आणि म्हणाला, ‘सायेब, मागं उभं राहा. तुमचा आवाज मला हितवर येतोय. दुसऱ्या कुनाचा येनार न्हाई.’

ती बस कशी मागे गेली ते गल्लीतली माणसं अजून सांगतात. गंगाधरराव बसच्या मागे, अर्ध्या तोंडाला साबण, पाठीमागे चालत पालं उठवत, आणि त्या आवाजात, ‘येऊ दे. येऊ दे. डावं घे. बांगड्या आहेत, थांब. येऊ दे.’ आणि तेवढं मोठं धूड एखाद्या सोशिक म्हशीसारखं एक एक पाऊल मागे येत होतं. एक बांगडी फुटली नाही. त्या वेळात त्या दोघांमध्ये काही नव्हतं, ना शेरे, ना गॉगल. गंगाधररावांना ते तेव्हा जाणवलं की नाही मला सांगता येत नाही. जाणवलं असावं, कारण पुढचं त्यांना फार लागलं.

बस स्टँडवर आली आणि वऱ्हाड खाली उतरून जालिंदरभोवती गोळा झालं. नवऱ्याच्या मामाने मानाच्या पाहुण्यांसाठी आणलेली टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली, टॉवेल खांद्यावर टाकला, कपाळाला टिळा लावला. कुणी पाया पडलं. ‘बापू, तुम्हीच चला, जतपर्यंत घेऊन चला,’ म्हणाले. गंगाधरराव पुढे झाले, बहुधा रस्ता सांगायला. तर मामा त्यांच्या तोंडावरचा साबण बघून म्हणाला, ‘आजोबा, जरा बाजूला व्हा, गाडी वळू द्या.’

विनोदिनी भाजीची पिशवी घेऊन स्टँडच्या दाराशी उभी होती. तिने सगळं पाहिलं. ती पुढे आली, पदराने नवऱ्याच्या गालावरचा वाळलेला साबण पुसला आणि म्हणाली, ‘किती छान पुकारलंत.’ ते तिला म्हणाले, ‘हात काढ.’ भर स्टँडवर, त्या आवाजात. तिने काढला.

जालिंदरने बस चालवत नेऊन वऱ्हाड मुहूर्ताला पोचवलं. दुसऱ्या दिवशी जालिंदर बुंदीचा पुडा घेऊन घरी आला. आत येऊन बसला, चहा घेतला, लग्न कसं झालं ते विनोदिनीला रंगवून सांगितलं. तिकडे कानडी पाहुण्यांनी त्याला हिशेबाबाहेर जेवायला घातलं होतं. गंगाधरराव वर्तमानपत्रामागे होते. वरची ओळ त्यांनी किती वेळा वाचली ते त्यांनाच माहीत. रात्रीच त्यांनी तिसऱ्या उतारावरचं आपलं नाव काढून टाकलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं.

जालिंदर उठताना म्हणाला, ‘नाव काढलं तुमी. सकाळी बघितलं मी. कोनाला कायबी बोललो न्हाई, बोलनार न्हाई.’

वर्तमानपत्राचं पान उलटलं.

‘आता शेवटच्या जोडाला ते लावाय पायजे. फोटो काढाय तिथं उभं राहावं लागतंय, एकट्याचं काम न्हाई, गाड्या लय जोरात येत्यात. माझ्या मोटारसायकलीवर जाऊ दोघं. मी मागनं गाड्या थोपवतो, तुमी लावा. जत फाटा तुमच्याच हातचा पायजे, सायेब. मी लावला तर बरं दिसनार न्हाई.’

विनोदिनी म्हणाली, ‘जा की उद्याच.’

तिने ते म्हटलं नसतं तर कदाचित गेलेही असते. ते म्हणाले, ‘बघू.’

दुसऱ्या दिवशी सकाळी जालिंदरची मोटारसायकल दाराशी येऊन उभी राहिली. हॉर्न वाजला. आतून निरोप गेला, आंघोळीला गेलेत. त्याच्या पुढच्या वेळी गुडघा दुखत होता. मग पितृपंधरवडा आला, त्यात नवं काही करू नये. मग बँकेत हयातीचा दाखला द्यायचा होता. जालिंदरला मागे बसवून आपण स्कूटर चालवू, असंही एकदा त्यांच्या मनात आलं. त्यांनी ते विनोदिनीला बोलून दाखवलं, आणि ती म्हणाली, ‘तुम्ही गचके देता.’ झालं. बाई बोलून गेली. चाळीस वर्षं न बोललेलं, असल्या वेळी निघालं.

जालिंदर अजून येतो, पण हॉर्न वाजवत नाही. चहा पितो, जातो. त्या जोडाचं नाव तो स्वतः केव्हाही लावू शकतो. मी त्याला तसं तोंडावर म्हटलंही, की बाबा रे, लाव आणि मोकळा हो, लोकांचे हाल का करतोस? तो म्हणाला, ‘बाई, ते सायबांचं हाय.’ मग मी गंगाधररावांकडे गेले. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, जालिंदरला वेळ असेल तेव्हा जाऊ.

शेवटच्या जोडावर खांब आहे, पाटी नाही. नकाशावर रेघ आहे, नाव नाही. जतकडची वाहनं तिथे वेग कमी करतात, चालक काच खाली करून कुणी विचारण्याजोगं दिसतंय का बघतात, आणि मग अंदाजाने वळतात.